एपी सायन्सचा क्रम: या वर्षी फक्त दहावीचा रकाना भरा

स. न. ताई,

माझी मुलगी इथे न्यू जर्सीत पब्लिक हायस्कूलला नववीत आहे. यंदा ऑनर्स (साध्यापेक्षा वरच्या पातळीचं) बायोलॉजी आणि जॉमेट्री घेतलीय, दोन्हींत ए आहे. पुढच्या वर्षाचे विषय निवडायचा फॉर्म आलाय, दोन आठवड्यांत काउन्सेलरकडे द्यायचाय आणि त्यात बारावीपर्यंतचा आराखडाही मागितलाय. घरात सध्या दुसरा विषय नाही. तिच्या बायोलॉजीच्या टीचरनी एपी (ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे हायस्कूलमध्येच कॉलेजच्या पातळीवर शिकवतात त्या) बायोलॉजीसाठी तिची शिफारस केलीय, म्हणजे दहावीतच तिला ते घेता येईल. मिस्टर म्हणतात, फिजिक्स लवकर सुरू करा, बारावीत फिजिक्स सी (कॅल्क्युलसवर आधारलेलं एपी फिजिक्स) झालं नाही तर इंजिनीअरिंगचा रस्ता बंद. मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात एक मैत्रीण भेटली. तिच्या मुलाने दहावीत एपी बायो केलं, आता अकरावीत एपी केमिस्ट्री आणि फिजिक्स वन (अल्जिब्रावरचं एपी फिजिक्स) एकदम चालू आहे, बारावीत फिजिक्स सी. ते ऐकल्यापासून माझी झोप उडालीय. कोणी असंही सुचवलं की समरमध्ये ऑनलाइन केमिस्ट्री उरकून टाका, म्हणजे दहावीत थेट एपी केमिस्ट्री घेता येईल. मुलगी म्हणते, "मला बायो आवडतं, पण काय व्हायचंय ते अजून माहीत नाही." आठवड्यातले चार दिवस तिचं स्विमिंग असतं, ते तिला सोडायचं नाही. आम्ही दोघं महाराष्ट्रात शिकलो, तिथे ही क्रमाची भानगडच नव्हती. नक्की काय आधी घ्यावं?

– एक आई

प्रिय मैत्रिणी,

तुमच्या शेवटून दुसऱ्या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण बराचसा गोंधळ तिथून येतो. आपण अकरावी-बारावी सायन्सला होतो तेव्हा फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायोलॉजी ही चारही पुस्तकं एकदमच दप्तरात असायची. दोन वर्षं सगळं शेजारी शेजारी चालायचं. केमिस्ट्रीत अडलेलं पुढच्या तासाला फिजिक्सच्या सरांकडून उलगडायचं, आणि आधी काय, नंतर काय हा प्रश्न कोणाला पडायचाच नाही. इथे एक विषय एक वर्ष, मग तो बंद आणि दुसरा सुरू. म्हणून क्रमाला महत्त्व येतं. हे तुम्हाला माहीत नव्हतं यात तुमचं काही चुकलं नाही. मी इथल्या हायस्कूलमध्ये वीसेक वर्षं केमिस्ट्री शिकवते आहे, मधली काही वर्षं फिजिक्स वनही शिकवलं, आणि दर फेब्रुवारीत हाच प्रश्न घेऊन आईवडील येतात. फक्त आपलेच नाहीत, सगळेच.

आता माझं उत्तर. दहावीत ऑनर्स केमिस्ट्री घ्या. एपी बायो नको, समरमध्ये उरकलेली केमिस्ट्री नको, फिजिक्सही अजून नको. आणि त्या फॉर्मवर आज खरं म्हणजे एवढा एकच रकाना पक्का भरायचा आहे. अकरावी-बारावीचे रकाने काउन्सेलर भरून घेतात ते शाळेला वर्गांचा अंदाज यावा म्हणून. पुढच्या फेब्रुवारीत तोच फॉर्म पुन्हा तुमच्यासमोर येईल आणि तेव्हा तो बदलता येईल. तुम्ही तीन वर्षांचं ओझं एका रात्रीत उचलायला बसला आहात, म्हणून झोप उडाली आहे.

केमिस्ट्रीच का, ते सांगते. एपीचे अभ्यासक्रम ठरवणारं कॉलेज बोर्ड प्रत्येक विषयाबरोबर तयारी काय हवी तेही सांगतं. एपी केमिस्ट्रीसाठी एक वर्षाची साधी केमिस्ट्री आणि अल्जिब्रा टू झालेलं असावं. एपी बायोलॉजीसाठी बायोलॉजी तर हवीच, पण केमिस्ट्रीही झालेली असावी असं त्यांचं स्पष्ट म्हणणं आहे, आणि नेमकं हेच पालकांच्या नजरेतून सुटतं. फिजिक्स वनला आधी फिजिक्स शिकलेलं नसलं तरी चालतं. जॉमेट्री झालेली हवी आणि अल्जिब्रा टू निदान बरोबरीने चालू हवं. फिजिक्स सीला कॅल्क्युलस, झालेलं किंवा त्याच वर्षी सुरू असलेलं. आता हे चार विषय समोर ठेवून बघा. दहावीत केमिस्ट्री घेतली तर पुढे यांतला एकही विषय हातचा जात नाही. दहावीत एपी बायो घेतलं तर केमिस्ट्री अकरावीत सरकते, एपी केमिस्ट्री बारावीत, आणि फिजिक्सला जागाच उरत नाही. उरली तरी कशाच्या तरी उरावर बसून.

मिस्टरांनाही हे वाचून दाखवा, कारण त्यांची भीती या मांडणीत आपोआप मिटते. तुमची लेक आत्ता जॉमेट्रीत आहे. म्हणजे दहावीत अल्जिब्रा टू, अकरावीत प्रीकॅल्क्युलस, बारावीत कॅल्क्युलस. फिजिक्स सी त्याआधी घेताच येणार नाही, कितीही घाई केली तरी. आणि दहावीत केमिस्ट्री, अकरावीत फिजिक्स वन, बारावीत कॅल्क्युलसबरोबर फिजिक्स सी हा रस्ता अगदी सरळ आहे. केमिस्ट्रीने तो अडत नाही. इंजिनीअरिंगच्या रस्त्याचा वेग गणितावर ठरतो, त्यामुळे सायन्सचा रकाना भरायच्या आधी गणिताचा रकाना भरा आणि मग त्याच्या शेजारी काय बसतंय ते बघा. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक पालकाला मी कागदाच्या डाव्या बाजूला आधी गणित लिहायला लावते. निम्मे वाद तिथेच संपतात.

गंमत म्हणजे इथला केमिस्ट्रीनंतर फिजिक्स हा क्रमही गणितावरूनच आला. 1892 साली हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स इलियट यांच्या अध्यक्षतेखाली दहा जणांची एक समिती नेमली होती, अमेरिकेतल्या हायस्कुलांत काय शिकवावं हे ठरवायला. तिच्या फिजिक्स-केमिस्ट्रीच्या उपसमितीने केमिस्ट्री आधी आणि फिजिक्स नंतर अशी शिफारस केली, आणि अहवालात प्रामाणिकपणे लिहूनही ठेवलं की तर्काने पाहिलं तर हा क्रम उलटा आहे. पण फिजिक्सला बसेपर्यंत मुलांचं गणित जमेल तितकं झालेलं असावं, म्हणून एक सोडून सगळ्यांनी त्याच बाजूने मत दिलं. पुढे शंभर वर्षांनी लिऑन लेडरमन यांनी नेमका तर्काचा मुद्दा उचलला. फर्मीलॅब या फिजिक्सच्या प्रयोगशाळेचे संचालक होते ते, 1988 चं फिजिक्सचं नोबेल त्यांना मिळालं होतं. त्यांचं म्हणणं, आजची बायोलॉजी रेणूंवर उभी आहे, रेणू समजायला अणू समजावे लागतात आणि अणू म्हणजे फिजिक्स, तर नववीपासून फिजिक्सनेच सुरुवात करा. काही शाळांनी ते स्वीकारलं, तिथे क्रम फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी असा असतो. तुमच्या शाळेत नववीला बायो आहे, तेव्हा तो रस्ता तुमच्यासाठी नाही. पण दोन्ही बाजूंचं ऐकलं तर एक गोष्ट सारखीच निघते. केमिस्ट्री दोन्हीकडे मधोमधच येते.

एपी बायोबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण टीचरची शिफारस हातात असताना नाही म्हणणं आईला जड जातं.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. दहावीत एपी बायो घेतलेली एक हुशार मुलगी सप्टेंबरमध्ये शाळा सुटल्यावर माझ्या लॅबमध्ये आली. त्यांच्या वर्गात पेनीचा प्रयोग झाला होता. एका सेंटच्या नाण्यावर ड्रॉपरने पाण्याचे थेंब सोडत जायचे आणि मोजायचे. वाटतं पाच-सात मावतील, पण वीस-पंचवीस होईपर्यंत पाणी नाण्याच्या कडेवर घुमटासारखं फुगून उभं राहतं आणि मग एका थेंबाला सगळं ओघळतं. साबणाचं पाणी घेतलं तर फार लवकर सांडतं. तिने वहीत कारण लिहिलं होतं: हायड्रोजन बॉन्डिंग. बरोबर होतं, गुणही मिळाले होते. मी तिला पाण्याचे दोन रेणू काढायला सांगितले आणि विचारलं, तो बॉन्ड यात कुठे आहे? तिने पेन्सिल एकाच रेणूच्या ओ आणि एच यांच्यामधल्या रेघेवर ठेवली. मग जरा थांबली, दुसऱ्या रेणूकडे बघितलं, पुन्हा पहिल्याकडे. "मला शब्द येतो, पण तो कुठे आहे ते नाही माहीत," म्हणाली. त्या वाक्यासाठी ती मला कायम लक्षात राहिली, कारण इतकं स्वच्छ बोलणारी मुलं कमी असतात.

ऑक्सिजन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतो, म्हणून रेणूची एक बाजू किंचित ऋण आणि दुसरी किंचित धन होते, म्हणून शेजारचा रेणू चिकटतो. केमिस्ट्रीच्या वर्गात हे कळायला दोन-तीन महिने लागतात, कारण त्याआधी अणू, पिरिऑडिक टेबल, बॉन्ड असं एकेक पायरीने यावं लागतं. एपी बायोचं पहिलंच युनिट जीवनाचं रसायन आहे आणि वेळापत्रकात त्याला मोजके दिवस असतात. प्रोटीनची घडी का पडते, पेशीच्या आवरणातून काय आत जातं आणि काय नाही, डीएनएच्या दोन्ही बाजू एकमेकींना कशा धरून राहतात, हे सगळं त्या एका चित्रावर उभं आहे. चित्र डोळ्यांसमोर नसेल तर मूल ते पाठ करतं. आपली मुलं पाठांतरात पटाईत असतात, दहावीत एपी बायो घेऊन मेमधल्या परीक्षेत पाचपैकी पाच मिळवणारी मी पाहिली आहेत. तुमच्या लेकीलाही कदाचित मिळतील. मला काळजी वाटते ती वेगळीच. तिला बायो आवडतं असं ती स्वतः सांगते आहे. मग तिचा आवडता विषय तिने अर्धवट समजून, पंधराव्या वर्षी घाईने का संपवावा? केमिस्ट्री पाठीशी असताना बारावीत तोच विषय ती घेईल तेव्हा तिला तो वेगळाच दिसेल.

टीचरना मात्र स्वतः भेटा, आभार माना आणि विचारा की हीच शिफारस बारावीसाठी चालेल का. चांगले शिक्षक मनाला लावून घेत नाहीत. मधल्या दोन वर्षांत बायोशी संबंध तुटू नये म्हणून तुमच्या शाळेत सायन्स ऑलिंपियाडचा संघ असेल तर त्यात तिला जीवशास्त्राचा एखादा प्रकार घेऊ द्या. पुरे होतं तेवढं.

अकरावीचं आत्ता ठरवू नका असं मी म्हटलं, तरी तुम्ही रात्री विचार करणारच, म्हणून दोन्ही वाटा सांगून ठेवते.

दहावीचं केमिस्ट्रीचं वर्ष म्हणजे तिच्या कलाची परीक्षाच असते, आणि ती गुणांवरून कळत नाही. तिच्या गप्पांवरून कळते. मोलची (म्हणजे कण मोजायच्या एककाची) गणितं, वायूंचे नियम, किती ग्रॅम घातलं तर किती निघेल, यात ती रमली, उत्तर जुळल्यावर तिचा चेहरा खुलला, तर तिचा ओढा फिजिक्सकडे असू शकतो. याउलट गणितं उरकून ती पदार्थांकडे धावली, रंग का बदलला, हे औषधात कसं वापरतात असं विचारत बसली, तर ती बायो-केमिस्ट्रीच्या वाटेवर आहे. पुढच्या जानेवारीपर्यंत तुम्हाला पुष्कळ काही कळलेलं असेल. गाडीतून पोहायला नेता-आणताना फक्त ऐका.

पहिली वाट धरली तर अकरावीत फिजिक्स वन, बारावीत फिजिक्स सी. फिजिक्स वनबद्दल एक सावधगिरी. त्यात कॅल्क्युलस नाही, फक्त अल्जिब्रा, म्हणून लोक त्याला सोपं समजतात. ही परीक्षा 2015 मध्ये पहिल्यांदा झाली आणि त्यानंतरच्या जवळजवळ दहा वर्षांत बहुतेक वेळा निम्म्याहून कमी मुलांना पाचपैकी तीन किंवा त्याहून वर गुण मिळाले. कारण तिथे सूत्रात आकडे घालून भागत नाही, का ते शब्दांत लिहावं लागतं. फिजिक्स वन शिकवायचे तेव्हा दर वर्षी पहिल्या महिन्यात मी एक चेंडू सरळ वर फेकायचे आणि विचारायचे, अगदी वरच्या टोकाला चेंडूचं ॲक्सिलरेशन किती? वर्गातले निम्मे हात शून्यासाठी वर जायचे. वेग त्या क्षणी शून्य असतो, ॲक्सिलरेशन तेवढंच असतं, खाली, 9.8 मी/से². सूत्र सगळ्यांना पाठ असायचं. त्या एका प्रश्नावर आम्ही पूर्ण तास घालवायचो आणि तो वाया जायचा नाही. अकरावीच्या मुलाकडे असा तास सोसायची बुद्धी आणि धीर आलेला असतो; दहावीत थोड्यांकडेच असतो. 2024 च्या शरद ऋतूपासून द्रवांचा भागही फिजिक्स टूमधून फिजिक्स वनमध्ये आला आहे, तेव्हा जुन्या पुस्तकावरून किंवा मोठ्या भावंडांच्या नोट्सवरून अंदाज बांधू नका.

फिजिक्स सी आधी काहीही फिजिक्स न करता थेट घेणारी मुलं असतात, पण मी तसं सुचवणार नाही. सप्टेंबरमध्ये कॅल्क्युलसच्या वर्गात अजून लिमिट्स चालू असतात आणि इकडे मेकॅनिक्सला डेरिव्हेटिव्ह लागतात, शिक्षक आठवडाभरात ते हातात देतात आणि पुढे जातात. हिवाळ्याच्या सुट्टीनंतर इलेक्ट्रिसिटी-मॅग्नेटिझम सुरू झालं की इंटिग्रेशन हवं असतं. गणित असं पळत येत असताना निदान बल, ऊर्जा, मोमेंटम हे ओळखीचे असले तर जीव घुसमटत नाही.

दुसरी वाट म्हणजे अकरावीत एपी केमिस्ट्री आणि बारावीत एपी बायो, आणि त्यांतल्या एका वर्षी शेजारी साधं किंवा ऑनर्स फिजिक्स. आज जेवढं तुम्ही लिहिलं आहे त्यावरून माझा कल याच वाटेकडे आहे. एपी केमिस्ट्री ऑनर्स केमिस्ट्रीनंतर लगेचच्या वर्षी घेण्यात मोठा फायदा आहे. मोल आणि समीकरणं जुळवणं ही हाताची सवय आहे, पोहण्यासारखीच, वर्षभर सोडली की गंजते. बायोचं तसं होत नाही, ते दोन वर्षांनी पुन्हा उघडलं तरी लवकर अंगवळणी पडतं. शिवाय अल्जिब्रा टूमधले लॉगरिदम त्या उन्हाळ्यात ताजे असतात. ॲसिड-बेसचं युनिट एपी केमिस्ट्रीत शेवटाकडे येतं आणि तिथे पीएचच्या प्रत्येक गणितात लॉग आहे. पीएच तीनवरून चारवर गेला म्हणजे आम्लता दसपट कमी झाली, हे ज्याला सहज कळतं त्याला बफरचं, म्हणजे पीएच फारसा बदलू न देणाऱ्या द्रावणाचं, चित्र दिसतं. ज्याला लॉग म्हणजे कॅल्क्युलेटरचं एक बटण वाटतं त्याला मार्चमध्ये रडू येतं, आणि मी ते पाहिलं आहे.

फिजिक्स मात्र पूर्ण गाळू नका, मुलगी डॉक्टरकीकडे गेली तरी. हायस्कूल सोडताना बायो, केमिस्ट्री, फिजिक्स तिन्ही निदान एकेक वर्ष झालेली असावीत असं बऱ्याच कॉलेजांना वाटतं. त्यातलं फिजिक्स एपी नसलं तरी बिघडत नाही.

तुमच्या मैत्रिणीच्या मुलाने अकरावीत दोन एपी सायन्स घेतलीत. घाईमागचं कारण खोटं नाही, तेही सांगायला हवं. कॉलेजचे अर्ज बारावीच्या शरद ऋतूत जातात, लवकरचे तर नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच. त्यात नववी ते अकरावीचे ग्रेड असतात. बारावीच्या मेमध्ये दिलेल्या एपीचे गुण जुलैत येतात, प्रवेश तोवर होऊन गेलेला असतो, ते पुढे क्रेडिटसाठी किंवा वरच्या वर्गात बसण्यासाठी उपयोगी पडतात. म्हणून लोक अकरावीपर्यंत जेवढं कोंबता येईल तेवढं कोंबतात. पण अर्जात बारावीत काय घेतलं आहे त्याची यादीही असते आणि वर्षाच्या मधल्या ग्रेडही नंतर मागवतात. बारावीत एपी बायो आणि कॅल्क्युलस घेतलेली मुलगी त्यांना दिसतेच.

आणि अकरावी कशी असते ते बघा. ऑक्टोबरमध्ये पीएसएटी, वसंतात एसएटी किंवा एसीटी या कॉलेज-प्रवेशासाठीच्या परीक्षा, बहुधा एपी यूएस हिस्टरीचं जाडजूड वाचन. एपी सायन्सच्या वर्गातला निदान चौथा भाग लॅबसाठी असावा अशी अट आहे, म्हणजे दोन विषय घेतले की दोन लॅब-वह्या, दोन रिपोर्ट. माझ्या वर्गात दोन्ही घेतलेला एक मुलगा होता, क्रॉस कंट्री धावायचा. फेब्रुवारीत टायट्रेशन करताना, जिथे फिकट गुलाबी रंग येताच थेंब थांबवायचे असतात, ब्युरेटचा नळ उघडा ठेवून तो उभ्याउभ्या डुलकी घेत होता. गुलाबी रंग येऊन, गडद होऊन गेला, त्याला कळलंच नाही. मी नळ बंद केला आणि त्याला खुर्चीवर बसवलं. मार्चमध्ये त्याने धावणं सोडलं. त्याचे ग्रेड चांगले राहिले, पण ते वर्ष आठवलं की अजून माझ्या पोटात कालवतं, कारण त्याच्या फॉर्मवर शिफारशीची सही माझी होती. त्यानंतर मी अकरावीच्या मुलांना दोन एपी सायन्स एकदम घ्यायला स्वतःहून सांगत नाही. कोणी स्वतः हट्टाने मागितलं, खेळ किंवा संगीत नसलं, रात्री दहाला झोपणारं मूल असलं, तर अडवतही नाही. तुमच्या मुलीला स्विमिंग सोडायचं नाही असं तिने सांगितलं आहे. ते तिच्या वेळापत्रकात गणिताइतक्याच ठळक अक्षरांत लिहा.

एपी एन्व्हायर्नमेंटल सायन्सबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी काउन्सेलर तो पर्याय पुढे करतील. तो चांगला विषय आहे, बायो आवडणाऱ्या मुलीला तर आवडेलच. एका वर्षी शेजारी जागा रिकामी राहिली तर जरूर घ्या, पण केमिस्ट्रीच्या बदल्यात दहावीत घेऊ नका.

काउन्सेलरकडे जाल तेव्हा दोन-तीन गोष्टी विचारून या, कारण प्रत्येक शाळेचं वेगळं असतं. एपी केमिस्ट्रीला दोन पिरिअड लागतात का? लागत असतील तर अकरावीत दुसरं सायन्स बसतच नाही आणि प्रश्न आपोआप सुटतो. फिजिक्स वनला ऑनर्स फिजिक्सची अट आहे का, की थेट बसता येतं? आणि फिजिक्स सीमध्ये मेकॅनिक्स आणि इलेक्ट्रिसिटी-मॅग्नेटिझम दोन्ही एका वर्षात घेतात की फक्त पहिलं? मुलीला बरोबर न्या आणि प्रश्न तिलाच विचारू द्या. तुमच्यापेक्षा तिला शाळेतली जास्त माहिती असते, कोणता विषय कोण शिकवतं, कुठल्या वर्गात लॅब खरंच होते, हे ती तिथेच सांगून टाकेल.

आता समरचं. ऑनलाइन केमिस्ट्री सहा आठवड्यांत उरकून दहावीत एपी केमिस्ट्री, हा बेत कृपा करून सोडा. एक तर अल्जिब्रा टू तेव्हा नुकतं सुरू झालेलं असेल. दुसरं म्हणजे बाहेरून घेतलेला कोर्स शाळा मान्य करेलच असं नाही, त्याची परवानगी आधी लेखी घ्यावी लागते, आणि मान्य केला तरी त्यात काचेची उपकरणं हातात घेऊन काम केलेलं नसतं. केमिस्ट्रीत बोटांना बरंच शिकायचं असतं. थेंबाथेंबाने ओतणं, वजनकाटा स्थिर होईपर्यंत थांबणं, आकडा लिहिताना शेवटचा दशांश आपण अंदाजाने वाचला आहे हे लक्षात ठेवणं.

उन्हाळ्यात काही करायचंच असेल तर दिवसाला वीस मिनिटं गुणोत्तरं आणि एककं बदलण्याची गणितं करू दे. मिनिटाचं तासात, ग्रॅमचं किलोग्रॅममध्ये, एकाखाली एक एकक लिहून वरचं-खालचं कापत जायचं. ऑक्टोबरमध्ये मोल येतो तेव्हा पद्धत तीच असते, फक्त एकक नवं असतं, आणि ज्यांना ती सवय असते ती मुलं माझ्याकडे बघून हसतात, घाबरत नाहीत. बाकी उन्हाळा तिला पोहू दे.